नाताळचे प्रेमपट : गोडी आणि उणीव

नोव्हेंबर महिना निम्मा सरला की आंतरजालावरून घरोघर चित्रपट पुरविणाऱ्या नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांच्या यादीत एका ठरावीक जातीच्या चित्रपटांची रांग लागते. जाहिरातीच्या चित्रात एक तरुणी, एक तरुण, मागे दिव्यांनी नटलेले झाड आणि वरून भुरभुरणारा बर्फ. चित्रपटगृहाचे तोंड न पाहता थेट घरातील पडद्यासाठी निर्माण होणारे हे नाताळचे प्रेमपट होत. समीक्षक त्यांना हसतात आणि असंख्य माणसे ते आवडीने पाहतात. या दोन्ही गोष्टींना सबळ कारणे आहेत.

नाताळ आणि प्रेमकथा यांची सांगड नवी नाही. १९४० साली अर्न्स्ट लुबिच यांनी 'द शॉप अराउंड द कॉर्नर' हा चित्रपट काढला. बुडापेस्टमधील एका दुकानातील दोन नोकर दिवसभर एकमेकांशी भांडतात आणि नकळत एकमेकांनाच प्रेमपत्रे लिहितात. नाताळच्या आदल्या रात्री हे गुपित उलगडते. पुढे शुभेच्छापत्रे छापणाऱ्या हॉलमार्क या अमेरिकन कंपनीच्या दूरचित्रवाणी वाहिनीने २००९ पासून दर हंगामात अशा चित्रपटांची मालिकाच लावली. २०१७ साली नेटफ्लिक्सने 'अ ख्रिसमस प्रिन्स' आणला आणि हा व्यवसाय स्ट्रीमिंगच्या क्षेत्रात स्थिरावला. प्रेक्षक काय पाहतो, किती वेळा पाहतो, याची नोंद अशा कंपनीजवळ आपोआप होत असते. त्रेपन्न प्रेक्षकांनी हा चित्रपट सलग अठरा दिवस रोज पाहिला, असे त्याच डिसेंबरात नेटफ्लिक्सने जाहीरपणे सांगून त्यांची थट्टाही केली. ती अनेकांना रुचली नाही. पण कंपनीला आपल्या मालाचे गिऱ्हाईक किती निष्ठावंत आहे ते कळले होते. २०१८ व २०१९ मध्ये त्या चित्रपटाचे पुढील भाग आले.

हे चित्रपट थोड्या पैशात आणि थोड्या दिवसांत तयार होतात. त्यांपैकी अनेकांचे चित्रण दोन-तीन आठवड्यांत उरकते. कर-सवलतींमुळे कित्येक निर्माते कॅनडात जातात. पुष्कळदा काम उन्हाळ्यात चालते. लोकरी कोट घातलेले नट घामाघूम होतात आणि बर्फ कागदाचा किंवा फेसाचा असतो. 'अ ख्रिसमस प्रिन्स'मधील आल्डोव्हिया हे राज्य कोणत्याही नकाशात नाही. तेथील राजवाडा म्हणून दिसतो तो रुमानियातील सिनाया येथील पेलेश प्रासाद.

कथानकाचा साचाही ठरलेला. शहरातील कामात बुडालेली नायिका काही निमित्ताने लहान गावात किंवा परक्या राज्यात येते. तेथील तरुणाशी तिचे प्रथम पटत नाही. मग झाड सजविणे, बिस्किटे भाजणे, बर्फात घसरून पडणे हे सर्व यथाक्रम होते. शेवटच्या वीस मिनिटांत एक गैरसमज उद्भवतो, आणि तो मिटला की चित्रपट संपतो.

शेवट आधीच ठाऊक असताना माणसे हे का पाहतात? मराठी माणसाला हा प्रश्न अवघड वाटू नये. कीर्तनातील आख्यान श्रोत्यांना पाठ असते, तरी कोणी मधूनच उठून जात नाही. काय होणार याची चिंता नसली म्हणजे मन निवांतपणे ऐकू शकते. वर्षभर वाईट बातम्यांनी शिणलेल्या माणसाला दीड तास असा निवांतपणा मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

याहून खोल असे आणखी एक कारण आहे. या हसऱ्या चित्रपटांतील बहुतेक घरांत कोणी तरी गेलेले असते. 'अ ख्रिसमस प्रिन्स'मधील राजपुत्राचे वडील वारले आहेत; नायिकेची आई नाही. २०२२ च्या 'फॉलिंग फॉर ख्रिसमस'मधील नायक विधुर असून त्याला लहान मुलगी आहे. २०२४ च्या 'हॉट फ्रॉस्टी'मधील उपाहारगृह चालविणारी नायिका विधवा आहे; तिने गळपट्टा घातलेला हिमपुतळा जिवंत होतो, असली अचाट कल्पना तेथे आहे. वरवर प्रेमकथा दिसते. आत मात्र दुःखी घर पुन्हा सणाला कसे सामोरे जाते, याची कथा असते. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याच्याकडे त्या वर्षी दिवाळीचा फराळ शेजारी पाठवितात. गोव्यात नाताळच्या मिठाईची ताटे शेजारच्या घरी जातात. सणाच्या दिवशी कोणी एकटे पडू नये, ही समज सर्वत्र एकच आहे. जो त्या रात्री खरोखरच एकटा बसला आहे, त्याला हे चित्रपट शेजाऱ्याच्या ताटासारखे वाटतात. त्याला हसणे बरे नव्हे.

तथापि उणिवाही डोळ्यांआड करता येत नाहीत. नायिकेने शहरातील कर्तबगारी सोडून गावात सुख मानावे, हा उपदेश वारंवार येतो. दीर्घकाळ या कथांचे नायक-नायिका गोरेच असत. अलीकडे त्यात बदल होत आहे. दारिद्र्य दिसते ते मोडकळीस आलेल्या पण देखण्या धर्मशाळेच्या रूपाने, आणि नाताळच्या आदल्या रात्री गावकऱ्यांच्या मदतीने तेही दूर होते. चर्च दिसलेच तर देखाव्यासाठी. ज्याच्या जन्माचा हा सण, त्या बालकाचा उल्लेख क्वचितच होतो.

सर्वांत मोठी उणीव याच्याशीच निगडित आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेव्हापासून बेथलेहेमची कथा मराठीत आहे. तीत एक गरीब जोडपे रात्री आसरा शोधते. सरायीत त्यांना जागा मिळत नाही. बाळाला गव्हाणीत निजवावे लागते. नाताळच्या प्रेमपटांत मात्र धर्मशाळेत एक खोली नेहमीच रिकामी असते. अनोळखी माणसाला आत घेणे हाच या चित्रपटांचा खरा गोडवा आहे. पण तो अनोळखी माणूस निघतो राजपुत्र, नाही तर स्मृती हरपलेली हॉटेलमालकाची श्रीमंत कन्या. ज्याला आत घेतल्याने काहीच लाभ होणार नाही, असा पाहुणा तेथे दार ठोठावत नाही.

याला एक चांगला अपवाद आहे. २०२० चा 'ऑपरेशन ख्रिसमस ड्रॉप' हा चित्रपट प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर घडतो आणि त्याला सत्याचा आधार आहे. १९५२ साली ग्वामहून निघालेल्या अमेरिकन विमानातील सैनिकांना कापिंगामारांगी बेटावरचे लोक हात हालविताना दिसले. त्यांनी विमानातील वस्तू बांधून हवाई छत्रीने खाली सोडल्या. तेव्हापासून दर डिसेंबरात दूरदूरच्या बेटांवर अशी मदत टाकण्यात येते. या चित्रपटातही प्रेमकथा नेहमीचीच आहे. परंतु बर्फाऐवजी माडांची झाडे आहेत, आणि भेट जाते ती ज्यांची पुन्हा गाठ पडणार नाही अशा माणसांना. कागदी गोठा व चांदणीचा आकाशकंदील करणाऱ्या गोव्यातील मुलांना हा नाताळ आल्डोव्हियातील नाताळापेक्षा अधिक ओळखीचा वाटेल.

तेव्हा हे चित्रपट अवश्य पाहावेत. घरातील मुले सोबत असतील तर चित्रपट संपल्यावर त्यांना बेथलेहेमची मूळ कथाही सांगावी. आणि आपल्या आळीत यंदा कोणाच्या घरी सण नाही, याची चौकशी करून तिकडे एक ताट पाठवावे.