रुपयाचा ठसा आणि त्याची झीज

ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेले राणीछाप रुपये घेऊन कामगार बंधू कधी कधी आमच्याकडे येतात. सोनाराने ते तराजूत टाकून चांदीचा भाव सांगितलेला असतो. त्याचा हिशेब खोटा नसतो. हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेनचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. परंतु नाण्याची किंमत वजनापलीकडेही असू शकते, आणि ती कशाने ठरते हे मालकाला ठाऊक नसेल तर समोरचा सांगेल तो भाव. (येथे मालक तो कामगारच, ही त्यातली मौज.) वाटाघाटीस बसणाऱ्याने आपला माल आधी ओळखावा, एवढ्यासाठी आम्ही या विषयात शिरलो, मग भिंग हातातून सुटले नाही.

१८४० सालचा कंपनीचा रुपया घ्या. १८६२ मध्ये नवा नमुना येईपर्यंत त्यावर तेच साल छापले जात होते. इतक्या वर्षांत पोलादी ठसे झिजले, फुटले, नवे कोरले गेले, आणि कोरणाऱ्याचा हात दर वेळी थोडा निराळा पडला. काही रुपयांवर राणीचे नाव मस्तकावरून सलग गेले आहे, तर काहींवर मस्तकाने त्याचे दोन तुकडे केले आहेत. मागच्या माळेतील फळे मोजली तर कोठे १९, कोठे २८, कोठे ३४ भरतात. पुढे १८६२ हे सालही असेच १८७४ पर्यंत चालू राहिले. त्यातील मुंबईच्या रुपयांवर सालाजवळ जे बारीक ठिपके दिसतात ते खरे वर्ष कळावे म्हणून असावेत, असे अभ्यासक मानतात.

नवशिका येथेच फसतो. प्रत्येक ओरखडा त्याला नवा प्रकार वाटतो! यावर एक साधी कसोटी आहे. ठशात जे खोल ते नाण्यावर उंच येते. म्हणून ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर उंचावलेली बारीक रेघ उमटते. रेघ खोल गेली असेल तर तो टांकसाळीबाहेरचा घाव समजावा. त्याला प्रकार म्हणू नये.

प्रत ठरवणे याहून कठीण. झीज आधी उंच भागावर दिसते. राणीच्या कानावरचे केस एकेक वेगळे दिसतात की त्यांचा सपाट गोळा झाला आहे, ते प्रथम पाहावे. पण छापच मुळात हलका बसला असेल तरीही केस अस्पष्ट दिसतात. तेव्हा नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवावे. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाची झाक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. वापरलेल्या नाण्याच्या उंच भागावर ती तुटते आणि तेथे मंद, निराळा रंग दिसतो.

आमच्या आयाबहिणींनी रुपये गळ्यात घातले, चिंचेने आणि राखेने लख्ख घासले. त्यात त्यांचे काय चुकले? पैसा त्यांचा, दागिना त्यांचा. मात्र संग्राहक कडेवरचा डाग शोधतो, कडी झाळल्याची खूण दिसली की भाव उतरवतो. घासलेल्या चकाकीलाही तो भुलत नाही. म्हणून घरात काळवंडलेला रुपया असेल तर तो तसाच राहू द्यावा.

१९११ च्या रुपयाची गोष्ट वेगळी. पंचम जॉर्जच्या छातीवरील साखळीत जो हत्ती आहे त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमान समाजात संताप झाला, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ च्या ठशात हत्ती सुधारला. त्यामुळे १९११ चा रुपया महाग. कोणी १९१२ च्या रुपयाचे साल खरवडून १९११ केले, तरी त्याला सोंड आखूड करता येत नाही. आकडा मागाहून पाहावा, आधी भिंग हत्तीवर धरावे.