पाणी मारू नका

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अमॅरिलो नावाचं शहर आहे. 2 जानेवारी 2017 च्या पहाटे तिथल्या एका घरातून मदतीसाठी फोन गेला. घरात दहा माणसं होती. मदतपथकाला आधी कार्बन मोनॉक्साइडचा संशय आला. कडाक्याच्या थंडीत बंद घरात तोच पहिला येतो. खरं कारण नंतर कळलं. घराखाली अल्युमिनियम फॉस्फाइड हे कीडनाशक टाकलेलं होतं आणि ते धुऊन काढण्यासाठी त्यावर पाणी मारलं गेलं होतं. त्या पाण्यामुळे फॉस्फिन वायू उठला आणि घरात शिरला. चार मुलांचा जीव गेला.

अल्युमिनियम फॉस्फाइड आपल्याला परकं नाही. गोदामातल्या गव्हा-ज्वारीला सोंडे, पोरकिडे लागू नयेत म्हणून ज्या करड्या गोळ्यांची धुरी देतात, त्या याच. गोळीला हवेतली ओल लागली की ती हळूहळू फॉस्फिन सोडू लागते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, म्हणून हिशेब मांडू. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. दारं-खिडक्या बंद. एका गोळीतला सगळा वायू त्या हवेत मिसळला, तर हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे साधारण 25 भाग होतात. कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची मर्यादा आहे 0.3 भाग. म्हणजे एकाच गोळीने ती ऐंशी पटींहून जास्त ओलांडली. 50 भागांना जिवाला तत्काळ धोका मानतात. तिथे पोचायला दोन गोळ्या पुरतात.

गोदामात हाच वायू वर्षानुवर्षं धान्य वाचवतो, कारण तिथे शिस्त असते. थप्पीवर जाड आच्छादन, कडेने वाळूच्या लांबट पिशव्या दाबलेल्या, बाहेर धोक्याची पाटी, काही दिवसांनी आच्छादन काढून हवा खेळवायची आणि मोजणी झाल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. आपल्याकडे सरकारी नियमानुसार या गोळ्यांची धुरी फक्त सरकारी यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायची असते. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. तरीही सुट्या गोळ्या हातोहात मिळतात आणि घरातल्या कोठीत, ढेकणांसाठी पलंगाखाली ठेवल्या जातात. ज्या खोलीत धान्य, त्याच खोलीत माणसं झोपलेली. हे थांबलंच पाहिजे.

आता दुर्घटना घडली तर काय? इथे आपल्या अंगवळणी पडलेल्या सवयीच उलट्या फिरतात. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला, तर अग्निशमन दल पाण्याचा फवारा मारतं आणि ते बरोबरच आहे. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. फॉस्फिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. उलट शिल्लक गोळ्यांवर पाणी पडलं, की जो वायू दोन-तीन दिवसांत निघायचा तो एकदम निघतो. ढीग असेल तर तो तापून पेटूही शकतो. म्हणून अशा आगीवर कोरडी वाळू किंवा कोरडी रासायनिक पावडर वापरतात. वायू पाण्यात विरघळत नसल्याने नाकावर धरलेलं ओलं फडकंही कुचकामी. साध्या कापडी मास्कचा तर प्रश्नच नाही.

वासावर विसंबणं हा दुसरा घात. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो, असं सांगतात. तो वास मुख्यतः मिसळलेल्या अशुद्ध द्रव्यांचा असतो. शुद्ध फॉस्फिनला वास नाही. काही वेळा ती द्रव्यं धान्यात शोषली जातात, वायू मात्र हवेत उरतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असं समजून परतणारा माणूस सर्वांत मोठ्या संकटात असतो.

म्हणूनच प्रशिक्षित पथक मोजणीयंत्र घेऊन, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेत, पाठीवरच्या स्वतंत्र श्वसनसंचासह आत जातं. तसा संच नसताना आत धावणारा शेजारी बहुतेक वेळा दुसरा रुग्ण होतो. माणुसकीपोटी झालेली ही धाव चुकीची म्हणताना जड जातं, पण म्हणायलाच हवं.

हा वायू पेशींच्या आत ऊर्जानिर्मितीची साखळीच अडवतो. प्राणवायू रक्तात असूनही पेशींना तो वापरता येत नाही. हृदय आणि फुप्फुसांना पहिला फटका बसतो. यावर उतारा नाही. डॉक्टर प्राणवायू देतात, रक्तदाब सांभाळतात, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. फुप्फुसांत पाणी साचायला एक-दोन दिवसही लागू शकतात, त्यामुळे सकाळी बरं वाटलं म्हणून रुग्णाला घरी नेऊ नये. सुरुवातीची लक्षणं फसवी असतात: डोकेदुखी, मळमळ, उलट्या, छातीत जडपणा, खोकला. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी असं झालं, तर रात्रीच्या जेवणावर ठपका ठेवण्याआधी घरात किंवा शेजारच्या खोलीत गोळ्या ठेवल्या आहेत का, हे विचारा. भिंतींच्या फटींतून, पाइपांच्या पोकळीतून हा वायू शेजाऱ्यांकडे सहज पोचतो.

अशा वेळी सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या. निघताना दारं उघडी टाका, पण सामान आवरायला थांबू नका. बाहेर आल्यावर 112 किंवा 108 ला फोन करा आणि गोळ्यांचं नाव स्पष्ट सांगा. ते नाव कळलं नाही तर डॉक्टर दुसऱ्याच आजाराच्या मागे लागतील. गोळ्या उचलू नका, झाडू नका, मोरीत टाकू नका. घरात जुन्या गोळ्या पडून असतील, तर आजच 101 वर अग्निशमन दलाला कळवा आणि त्या नेल्या जाईपर्यंत त्या जागेपासून मुलांना दूर ठेवा.