सावलीतील परसबाग आणि फुलपाखरे

आमच्या लोधिवलीस घरोघरी परसात आंबा-फणसाची गर्द सावली आहे. तिच्याखाली काही येत नाही, असे समजून पुष्कळ गृहस्थ ती जागा केरकचऱ्यास सोडून देतात. पेन्शन होईतो आम्हीही तेच केले. पुढे हौसेने तेथे झेंडू व गुलाब लाविले. ते उन्हावाचून लांबट वाढले व न फुलताच गेले. दोष जमिनीचा नसून आमच्या निवडीचा होता.

फुलपाखरास दोन गोष्टी लागतात: स्वतःस फुलांतील मध आणि अळीस पाला. शिवाय अंग उन्हाने तापल्यावाचून त्यास नीट उडता येत नाही. म्हणून मधाची झाडे सावलीच्या कडेस, जेथे सकाळचे दोन-तीन तास ऊन येते, तेथे लावावी. अळीची झाडे आत विरळ सावलीत चालतात.

कडेस अबोली, एक्झोरा व रानातला भूतकेस लावावा. आत दिंडा, पानफुटी व हळद लावावी. दिंडा आपल्या रानात मोठ्या झाडांखालीच वाढतो आणि पावसाळ्यात त्याच्या फुलांवर फुलपाखरे जमतात. पानफुटीच्या जाड पानांत व हळदीच्या पानांच्या सुरळीत निरनिराळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. कढीनिंबास मात्र थोडे अधिक ऊन द्यावे.

आता अडचणीची गोष्ट. लिंबाच्या कोवळ्या रोपांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पडते, ती मोठी होऊन हिरवी होते व रोप बोडके करिते. एके वर्षी आमची आठ रोपे अशी गेली, तेव्हा आम्ही सगळ्या परसात औषध फवारले. अळी गेली, पण त्या पावसाळ्यात फुलपाखरूही दिसले नाही. ज्या अळीस आम्ही शत्रू मानिले, तिचेच ते रूप होते, हे तेव्हा ध्यानी आले. आता आम्ही सकाळी लिंबावरील अळ्या काडीने उचलून कढीनिंबावर सोडितो. कढीनिंबाचे एक झाड तेवढे त्यांच्या नावे लिहून दिले आहे. मोठ्या बागाइतदारास हे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दहा-पाच रोपे असणाऱ्यास हे अवघड नाही.

काळ्या पंखांवर निळे ठिपके मिरविणारे राणी पाखरूही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. इ. स. २०१५ साली ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. अशी निवड करणारे हे देशातील पहिलेच राज्य होय. त्याच्यासाठी रानातील माकडलिंबू कुंपणाशी राखावे.

तरी येत्या मृगात आमच्या वाचकांनी परसाचा एक कोपरा असा लावून पाहावा. खर्च थोडा आहे. पथ्य एकच, त्या कोपऱ्यात औषध फवारू नये.