पाझराचा उगम : जुन्या डिझेल इंजिनातील गळतीचे निदान

महाराष्ट्रातील विहीरबागायतीच्या इतिहासात बैलांची मोट मागे पडल्यानंतर आणि विजेची मोटर शिवारात पोचण्यापूर्वी जो काळ येतो, तो डिझेल इंजिनाचा काळ होय. आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीच्या उभ्या, एका सिलिंडरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचा त्या काळावर ठळक ठसा आहे. त्यांपैकी ‘एव्ही-१’ या पाच अश्वशक्तीच्या नमुन्याचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा असून त्यातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ११० मिलिमीटर वरखाली होतो आणि इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. अशी इंजिने अनेक दशके चालू शकतात, कारण त्यांचा जवळजवळ प्रत्येक भाग उघडता, घासता आणि बदलता येतो. मात्र जिथे उघडता येणारा सांधा आहे तिथे आज ना उद्या पाझरही असतो, आणि हा पाझर नेमका कोठून निघतो हे ओळखणे ही फिटरच्या विद्येतील सर्वांत कठीण परीक्षा मानावी लागेल. वायसर, पॅकिंग किंवा सील बदलण्याचे काम त्यामानाने सोपे आहे.

या इंजिनात तीन द्रव खेळतात आणि तिघांची चाल वेगळी असते. डिझेल वरच्या टाकीतून केवळ स्वतःच्या वजनाने फिल्टरपर्यंत उतरते, परंतु फ्युएल पंपातून नोझलकडे जाताना त्याच्यावरील दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट होतो. वंगणाचे ऑइल तळाच्या चेंबरमधून माफक दाबाने बेअरिंगांपर्यंत चढते आणि तेथून शिंतोडे, धुके व ओघळ अशा रूपांत खाली परतते. पाणी तर बहुधा पंपाच्याच पाइपातून फाटा काढून सिलिंडरभोवतीच्या पोकळीत सोडलेले असते आणि ते गरम होऊन पाटात किंवा हौदात पडते. एखादा सांधा थेंबाथेंबाने गळेल, धुक्यासारखा फवारेल की फक्त ओला राहील, हे त्यामागील दाबावर ठरते. म्हणून ओल कोठे आहे यापेक्षा तिला कोणता दाब बाहेर ढकलतो आहे, हा प्रश्न निदानात आधी सोडवावा लागतो.

द्रवाची ओळख पटवण्यासाठी डोळा, बोट आणि नाक ही साधने पुरेशी ठरतात. वापरलेले ऑइल काजळीमुळे काळे पडलेले असते आणि त्याच्या ओघळावर धूळ बसून जाड, चिकट कीट साचते. डिझेल उलट धूळ धुऊन नेते, त्यामुळे मळलेल्या इंजिनावर मध्येच एखादा पट्टा स्वच्छ दिसला तर त्याच्या वरच्या बाजूला डिझेलचा सांधा शोधावा. विहिरीचे जड पाणी सुकताना मागे पांढरट क्षारांची रेघ ठेवते, आणि ही रेघ गळती थांबल्यावरही साक्ष देत राहते.

यानंतर इंजिन रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडे पुसणे येते, आणि कंटाळा करून हीच पायरी सर्वाधिक वेळा टाळली जाते. धुतलेल्या भागावर खडूची बारीक भुकटी किंवा टाल्कम पावडर फुंकली, की पाझराची पहिली ओल त्या पांढऱ्या थरावर गडद ठिपका होऊन उमटते. इंजिन आधी थंड असताना, मग रिकामे चालवून आणि शेवटी पंपाचा पूर्ण भार देऊन पाहिले पाहिजे, कारण थंड धातूत बंद असलेली फट तापल्यावर उघडते आणि तापून पातळ झालेले ऑइल सकाळी जिथून निघत नव्हते तिथून निघू लागते. द्रव खाली ओघळतो, म्हणून सर्वांत उंचावरचा ओला ठिपका उगमाच्या अधिक जवळ असतो, हा नियम खरा असला तरी फिरत्या भागांपाशी तो मोडतो. फ्लायव्हीलच्या बाजूचे सील गळत असेल तर ऑइल त्या जड चाकाच्या कडेवर चढून बाहेर भिरकावले जाते आणि इंजिनघराच्या भिंतीवर, चाकाच्या अगदी समोरासमोर, एक अरुंद काळी रेघ उमटते. ती रेघ पाहून चाक न काढताही सीलची अवस्था कळते.

निदानातील सर्वांत दुर्लक्षित प्रकरण मात्र इंजिनाच्या पोटातील हवेचे आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा त्याखालील हवा आकसते. ‘एव्ही-१’च्या मापाने पाहिल्यास प्रत्येक फेऱ्याला सुमारे ५५० घनसेंटिमीटर आणि सेकंदाला पंचवीस वेळा. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात एक पिस्टन उतरताना दुसरा चढत असल्याने हा हेलकावा बराचसा आतल्या आत मिटतो, पण येथे ती सोय नसते. यासाठी चेंबरला ब्रीदर जोडलेला असतो. त्यातील पातळ झडप हवा बाहेर जाऊ देते व आत येताना मिटते, त्यामुळे पोटात किंचित निर्वात टिकतो आणि सांध्यांवरचे ऑइल आतल्या बाजूला ओढलेले राहते. ही झडप कीट बसून चिकटली किंवा वाकडी झाली, की ओढ संपून रेटा सुरू होतो आणि शाफ्टची दोन्ही टोके, टॅपेट कव्हर, डिपस्टिकचे भोक असे सगळेच एकदम ओले दिसू लागते. एकाच वेळी चार ठिकाणी पॅकिंग खराब होणे संभवत नाही. तेव्हा अशा इंजिनाचे चारही सांधे उघडण्यापूर्वी ब्रीदर काढून धुणे हे शहाणपणाचे ठरते. झडप चांगली असूनही ब्रीदरमधून धुराचे सतत भपके येत असतील, तर झिजलेल्या रिंगा ज्वलनाचा वायू खाली सोडत आहेत असे समजावे, आणि मग ऑइलच्या गळतीचे मूळ थेट सिलिंडरमध्ये सापडते.

सीलच्या बाबतीतही असेच खोलात जावे लागते. रबरी ओठाचे सील वर्षानुवर्षे एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक चर पाडते. नख आडवे ओढले असता ते त्या चरात अडकते. नवे सील पुन्हा त्याच चरावर बसवले तर ते काही दिवसांतच गळते आणि दोष मालाच्या माथी मारला जातो, वास्तविक सील थोडे मागेपुढे बसवले किंवा शाफ्टवर पातळ बाही चढवली तर प्रश्न सुटतो. डिझेलच्या पोकळ बोल्टाखालचे तांब्याचे वायसर आवळून आवळून कठीण होतात. ते लालसर तापवून विझवले, की तांबे पुन्हा मऊ पडते व सांधा बसतो. जास्त आवळणे हा मात्र उपाय होत नाही, कारण त्याने पत्र्याचे कव्हर वाकते आणि फट वाढतेच.

बाहेर थेंबही न पडता आतल्या आत होणारी गळती अधिक घातक असते. डिपस्टिकवरील पातळी घटली तर मालक सावध होतो, पण ती वाढली तर तो निश्चिंत राहतो, आणि इंजिने खरी बिघडतात ती येथेच. फ्युएल पंपातील दांडा आणि त्याची नळी, ज्यांना मिळून फिटर ‘एलिमेंट’ म्हणतात, त्यांच्यात मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकेच अंतर असते. ते झिजले, की डिझेल पंपाखालून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगांवरचा थर तुटतो. सिलिंडरमधील लाइनर बाहेरून पाण्याला थेट लागलेला असेल, तर त्याच्या खालच्या टोकाच्या रबरी रिंगा कुजल्यावर पाणी ऑइलमध्ये शिरते. ऑइलचा थेंब तापलेल्या तव्यावर टाकल्यास पाणी असेल तर तो तडतडतो. डिझेल मिसळले असेल तर वर्तमानपत्राच्या कागदावर काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट वलय लांबवर पसरते. हेड गॅस्केट फुटले असता पाटात पडणाऱ्या पाण्याच्या धारेत बुडबुडे येतात.

नोझलच्या उच्चदाबाच्या पाइपाची तपासणी मात्र हाताने कधीही करू नये. केसासारख्या चिरेतून निघणारी डिझेलची धार डोळ्यांना धड दिसत नाही, तरी ती कातडी भेदून आत शिरते; जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि तरीही हात वाचवण्यासाठी ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवला, की त्यावर उमटणारा ओला डाग पुरेसा पुरावा देतो.

इंधन बदलल्यानेही जुने सांधे गळू लागतात, हे अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा दिसून आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील अॅरोमॅटिक नावाची काही संयुगेही घटतात. त्यांनी फुगलेली जुनी नायट्राइल रबराची सीले आकसतात आणि कडक झालेले रबर फट भरू शकत नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले आहे, त्यामुळे दीर्घकाळ न बदललेल्या रबराचे इंजिन अचानक डिझेल पाझरू लागल्यास ही शक्यताही तपासण्याजोगी आहे.

सर्वच गळत्या तातडीने बंद कराव्या लागतात असे नाही. टॅपेट कव्हरची नुसती ओल पातळी पाहत चालवून नेता येते. परंतु ऑइलमध्ये पाणी किंवा डिझेल आढळले, अथवा डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडत असले, तर इंजिन एक तासही चालवू नये. हेड उघडून दुरुस्ती केली असेल तर इंजिन भारावर पूर्ण तापवून थंड होऊ द्यावे आणि मग हेडचे नट समोरासमोरच्या जोडीने पुन्हा एकदा ठरलेल्या जोराने आवळावे, कारण नवे गॅस्केट पहिल्या तापात दबते. हेड असे किंचित खाली बसले, की टॅपेटचे अंतरही बदलते, म्हणून फीलर गेजने ते पुन्हा जुळवल्यावरच कव्हरचे पॅकिंग बसवतात.