कपाशीच्या शेजारची कॉफी

बुलढाणा जिल्हा कपाशी-सोयाबीनचा. पण संग्रामपूर तालुक्यातल्या अंबाबरवा अभयारण्यापासून सातपुडा चढत अमरावती जिल्ह्यात गेलं, की चिखलदरा लागतं. तिथे सुमारे १,१०० मीटर उंचीवर इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे.

मग आपल्या शिवारात का नाही? अरेबिका कॉफीला १५ ते २५ अंश तापमान आणि डोक्यावर मोठ्या झाडांची सावली मानवते. आपला मे महिना तर चाळिशीपार! शिवाय काळी जमीन पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते. कॉफीच्या मुळांना हवा निचरा आणि किंचित आम्लधर्मी माती.

गंमत म्हणजे, कर्नाटकातल्या कोडगूमधले कॉफीचे मळेवाले मार्च-एप्रिलच्या सरींची वाट पाहतात. कॉफीचा पांढरा बहर त्यानंतरच फुटतो. आपण त्याच पावसाला अवकाळी म्हणतो.