घरगुती डब्याची वेबसाइट: आधी काय लिहायचे?

माजिवड्यात जुने गावठाण आणि त्याभोवती उभे राहिलेले टॉवर यांच्यामध्ये डब्याचा व्यवसाय चांगला रुजला आहे. नवरा-बायको दोघे नोकरीला, घरी एकटे आजी-आजोबा, भाड्याने राहणारी मुले. सगळ्यांना घरचे जेवण हवे असते आणि ते करून देणारी एखादी काकू त्याच सोसायटीत असते. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते. व्याप वाढला की घरातला भाचा म्हणतो, ‘मामी, आता वेबसाइट काढू.’

भाच्याचे काम सोपे आहे. वेबसाइटचे नाव म्हणजे डोमेन दरवर्षी भाडे भरून घ्यायचे. 2014 पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेनही मिळते. पाने ठेवायला होस्टिंग लागते आणि पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसावे म्हणून सुरक्षा प्रमाणपत्र. ते मोफतही मिळते. डोमेन मात्र मामींच्याच नावावर आणि ई-मेलवर नोंदवावे. भाचा नोकरीसाठी परगावी गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. एवढे सगळे दोन-तीन दिवसांत उरकते. त्या पानांवर काय लिहायचे, हा प्रश्न मात्र आरोग्याचा आहे आणि तो बहुधा कोणी डॉक्टरला विचारत नाही.

पहिली गोष्ट नोंदणीची. घरगुती आहे म्हणून नोंदणी नको, हा समज चुकीचा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 घरून पदार्थ विकणाऱ्यालाही लागू होतो. नोंदणीनंतर मिळणारा 14 अंकी क्रमांक वेबसाइटवर ठळक हवा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे घटक. समोरासमोर विक्री होते तेव्हा गिऱ्हाईक विचारते, ‘वहिनी, यात दाण्याचे कूट आहे का?’ वेबसाइटवर हे विचारणे राहून जाते. मराठी स्वयंपाकात तर कूट कुठे नसते? कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत. आणि फोटोत ते ओळखू येत नाही. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला किंचितसा अंशही पुरतो. शरीरातल्या विशिष्ट पेशी हिस्टामिनसारखी रसायने एकदम सोडतात, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो. हे काही मिनिटांत घडते आणि त्यावर पहिला उपाय मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच. ते वेळेवर हाताशी असेलच असे नाही.

इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातली एक घटना प्रत्येक डबेवाल्या वेबसाइटने लक्षात ठेवावी अशी आहे. डिसेंबर 2016 च्या अखेरीस एका पंधरा वर्षांच्या मुलीसाठी ऑनलाइन जेवण मागवले गेले. ऑर्डरच्या सूचनांच्या चौकटीत ‘कोलंबी, नट्स’ असे दोन शब्द लिहिले होते. आलेल्या जेवणात शेंगदाण्याचे प्रथिन होते. 1 जानेवारी 2017 रोजी ती मुलगी गेली आणि पुढे प्रकरण मनुष्यवधाच्या खटल्यापर्यंत पोचले. सूचनेची चौकट होती, ती भरलेलीही होती. पण तिथून ती सूचना कढईपाशी उभ्या माणसापर्यंत पोचवण्याची खात्रीची व्यवस्था नव्हती. म्हणून फॉर्ममध्ये ‘अ‍ॅलर्जी’ असा रकाना ठेवायचा असेल, तर तो रोज कोण वाचणार हे आधी ठरवावे. वाचणारे कोणी नसेल तर रकाना न ठेवता ‘अ‍ॅलर्जी असल्यास आधी फोन करा’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक.

भारतातील लेबलविषयक नियम ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे व इतर कवचाची फळे आणि सोयाबीन यांचा वेगळा उल्लेख मागतात. ऑनलाइन विक्रीत ही माहिती खरेदीपूर्वीच ग्राहकाला मिळायला हवी. यात एक छुपा घटक आहे: हिंग. आपल्याकडच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. तेव्हा ज्वारीची भाकरी आणि हिंगाच्या फोडणीचे वरण ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून सीलिअ‍ॅक रुग्णाला विकणे म्हणजे त्याच्या आतड्याला इजा करणे होय.

मग येतो मोह. नाचणीच्या लाडवाखाली ‘मधुमेहावर गुणकारी’ लिहिले की विक्री वाढते. नाचणी चांगलीच आहे, तिच्यात कॅल्शियम भरपूर. पण वजनाच्या जवळपास दोन-तृतीयांश कर्बोदके असतात आणि लाडवातला गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा 2018 च्या जाहिरात-दावे नियमांना मान्य नाही आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘शुगर फ्री’ लिहायला 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. गुळाचा लाडू या व्याख्येत बसणे अशक्य. दंडापेक्षा मोठे नुकसान वेगळेच. जाहिरातीवर विसंबून गोळ्या बंद करणारे आणि मग साखर चारशेवर घेऊन येणारे रुग्ण सरकारी रुग्णालयांना नवे नाहीत. त्यापेक्षा ‘एका लाडवात 12 ग्रॅम गूळ’ असे मोजून लिहावे. मधुमेही माणसाला आणि त्याच्या डॉक्टरला ते खरोखर उपयोगी पडते.

वेबसाइट झाली की ऑर्डर लांबून येऊ लागतात. घोडबंदर रोड आणि नाशिककडे जाणारा महामार्ग जिथे मिळतात त्या माजिवडा नाक्यावरची कोंडी ठाणेकरांना सांगायला नको. त्या कोंडीत डब्यातला भात कोमट राहतो, आणि नेमके हेच ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूला हवे असते. त्याचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. साधारण 5 ते 60 अंश तापमानात ते वाढीला लागतात. उलटी घडवणारे त्यांचे विष डबा पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून ‘कुठपर्यंत पोचवतो’ आणि ‘किती वाजेपर्यंत खावे’ या दोन ओळी फोटोंच्याही वर हव्यात. बाळकुमपर्यंत गरम पोचणारा डबा कासारवडवलीपर्यंत तसाच पोचेल, हे गृहीत धरू नये.

हे सारे वाचणार कोण? बऱ्याचदा सत्तरीचे आजोबा. मोतीबिंदूत फिकट आणि गडद यातला फरक आधी पुसट होतो. पांढऱ्यावर करड्या रंगातली नाजूक अक्षरे डिझायनरला आवडतात, आजोबांना दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 एवढा उजेडाचा फरक असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

‘मधुमेही डबा’, ‘डायलिसिसचा डबा’ अशा ऑर्डरींची यादी म्हणजे प्रत्यक्षात आजारांची यादी असते. डबा पोचवणाऱ्या मुलाला घरक्रमांक पुरतो, आजार कळायची गरज नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे: कामापुरतीच माहिती घ्या, काम झाले की पुसून टाका.

आणि दिवाळीच्या तोंडावर काजू महागतात, मग चटणीत किंवा ग्रेव्हीत काजूऐवजी शेंगदाणे पडतात. स्वयंपाकघरात हा बदल पाच मिनिटांत होतो, वेबसाइटवर मात्र काजू तसेच राहतात. ते पान त्याच सकाळी, पहिली ऑर्डर घेण्याआधी बदलायला हवे.