टबातला पपायरस

आमचं पनवेल म्हणजे तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही नावं ऐकतच इथली मुलं मोठी होतात. लग्न होऊन आले तेव्हापासून वाटायचं, आपल्याही दारात निदान टबभर पाणी असावं आणि त्यात काहीतरी हिरवं डुलावं. म्हणून नर्सरीतून पपायरस आणला. दोन वर्षं कौतुकाची गेली, आणि गेल्या श्रावणात त्याच टबापायी शेजारी तोंड लपवायची वेळ आली!

खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलीला डेंग्यू झाला. घरोघर तपासणीला आलेल्या बाईंनी माझ्या गॅलरीतल्या टबात बॅटरी मारली, तर आत अळ्या वळवळत होत्या. मुलीचा ताप माझ्याच टबातून आला हे कोण सांगणार? पण वहिनी जिन्यात भेटल्या तरी बोलेनाशा झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "शोभेपायी दुखणं विकत घेतलंस." टब त्याच दिवशी उपडा केला. रोप मात्र फेकवेना. जुन्या बादलीत ओल्या चिखलात खुपसून ठेवलं. पंधरा दिवसांनी पाहते तर नवे कोंब!

तेव्हा कळलं, पपायरस हा दलदलीतला. त्याचे पाय सतत ओले हवेत. वर पाणी तरंगलंच पाहिजे असं नाही. ते पाणी आपल्या हौसेचं.

आता मी करते ते असं. तळाला भोक नसलेला टब घ्यायचा. भाताच्या खाचरातली चिकण माती मिळाली तर उत्तम. शेणखत मूठभरच, तेही पुरतं कुजलेलं. जास्त झालं की टबाला घाण वास येतो. माती काठापासून चार बोटं खाली ठेवून वर बारीक खडीचा थर द्यायचा. पाणी खडीच्या आतच राहिलं पाहिजे. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून खडीच्या वरच्या पातळीपासून दोन बोटं खाली टबाच्या बाजूला एक भोक पाडायचं. जादा पाणी तिथून निघून जातं.

उघडं पाणी हवंच असेल तर त्यात गप्पी मासे सोडा, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा काथ्याने घासायला हवी. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून हे काम दर आठवड्याला.

नर्सरीत घेताना जरा बघून घ्या. पुष्कळदा अंब्रेला पाम 'पपायरस' म्हणून गळ्यात मारतात. त्याची पानं छत्रीच्या काड्यांसारखी चपटी. पपायरसचा झुबका दोऱ्यांसारखा बारीक. अंब्रेला पामचा शेंडा पाण्यात उलटा ठेवला तरी मुळं फुटतात. पपायरसचा मात्र गड्डाच फोडून लावावा. चार-पाच तास ऊन द्या आणि वाऱ्यापासून आडोसा. जूनच्या वाऱ्यात दांडे मोडतात. पिवळे पडलेले दांडे बुडाशी कापा.

असाच एक दांडा मी शाळेत नेला होता. मुलांनी बोटांत फिरवून पाहिला. "बाई, हा तर तिकोनी!" आतला पांढरा गर चिरून त्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवल्या, दाबल्या, वाळवल्या, की प्राचीन इजिप्तचा कागद तयार. 'पेपर' हा शब्दही याच्याच नावावरून आला. नाईलकाठी हा चार-पाच मीटर वाढतो, आमच्याकडे जेमतेम पुरुषभर. आणि दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याचाच भाऊबंद! हे ऐकल्यावर सासूबाईंचा राग निम्मा उतरला.

एक विनंती. वाढलेले गड्डे तळ्यात किंवा नाल्यात टाकू नका. जलपर्णीने आपल्याकडच्या पाण्याचं काय केलं ते आपण पाहतोच. उन्हात पुरते वाळवा आणि मग खताच्या खड्ड्यात घाला, नाहीतर कुणाला तरी द्या. मी एक गड्डा खालच्या वहिनींना देऊ केलाय, खडी आणि भोकासकट. मुलगी आता ठणठणीत आहे, जिन्यात बोलणंही सुरू झालंय. गड्ड्याला मात्र त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.